थंडी वाढली की दम्याचा पंप जास्त का लागतो? पारा, छाती आणि औषध यांचं गणित समजून घ्या

दिवाळी उरकली, रात्रीचा पारा उतरायला लागला की दम्याच्या पेशंटच्या घरात एक गोष्ट हमखास दिसते. उन्हाळाभर कपाटात पडून असलेला निळा पंप पुन्हा खिशात येतो. आधी आठवड्यातून एखादेवेळी, मग दिवसाआड, आणि थंडी कडक झाली की रोज पहाटे. घरातली माणसं म्हणतात, "थंडी आहे, एवढं चालायचंच."

डॉक्टर मात्र याकडे वेगळ्या नजरेने बघतात. पंप जास्त लागणं म्हणजे नुसती थंडी नव्हे, तर छातीच्या आत सूज वाढत असल्याचा तो इशारा असतो. हा इशारा वेळेत ओळखला तर रात्री-अपरात्री तालुक्याला पळण्याची वेळ बहुतेकदा टळते. भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. जगातल्या रुग्णांपैकी हे जेमतेम 13 टक्के. पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त भारतात होतात. रोजचं औषध न घेणं आणि निळ्या पंपावर दिवस काढणं, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

थंड हवा छातीत गेल्यावर काय होतं?

नाक हे फक्त वास घेण्यासाठी नसतं. बाहेरची हवा गरम करणं, ओलसर करणं आणि गाळणं ही कामं नाक करतं. बाहेर 8 अंश असले तरी फुप्फुसापर्यंत पोहोचेपर्यंत हवा शरीराइतकी ऊबदार झालेली असते. पण माणूस जोरात काम करायला लागला की तोंडाने श्वास घेतो. मग थंड आणि कोरडी हवा थेट श्वासनळीत जाते. नळीच्या आतला ओलावा उडतो, आतलं अस्तर चिडतं आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. वाट अरुंद झाली की छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, खोकला सुटतो, धाप लागते.

निरोगी माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. दमेकऱ्याच्या नळ्या मात्र आधीच सुजलेल्या आणि चिडक्या असतात, म्हणून त्याला तीच हवा लगेच बाधते.

खेड्यात याची उदाहरणं रोजची आहेत. शेतीची वीज अनेक ठिकाणी काही दिवस रात्रीचीच मिळते. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री बांधावर जातो, गार वाऱ्यात फावड्याने बारे धरतो. ऊसतोड मजूर पहाटे अंधारात फडावर पोहोचतात. दूध घालायला निघालेला माणूस उघड्या तोंडाने मोटारसायकल हाणतो. तिन्ही ठिकाणी गार कोरडी हवा आणि अंगमेहनत किंवा समोरचा वारा एकत्र येतात. अशा वेळी नाक-तोंडावर सुती उपरणं किंवा मफलर सैलसर गुंडाळला तर श्वासाची ऊब आणि ओल आतच राहते, हवा थोडी गरम होऊन आत जाते. हा बिनपैशाचा उपाय चांगला उपयोगी पडतो.

धूर खाली बसतो, सर्दी पसरते

थंडीत त्रास वाढण्याची आणखी दोन कारणं आहेत.

पहिलं कारण धूर. एरवी जमिनीजवळची गरम हवा वर जाते आणि धूर सोबत नेते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते आणि वर तुलनेने ऊबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग चुलीचा, शेकोटीचा, जाळलेल्या पाचटाचा धूर गावावरच तरंगत राहतो. पहाटे शिवारात दिसणारा तो निळसर पट्टा अनेकदा धुक्याइतकाच धुराचा असतो. लंडनमध्ये डिसेंबर 1952 मध्ये असंच झालं होतं. कडक थंडी, थांबलेली हवा आणि घरोघरी जळणारा दगडी कोळसा यामुळे 5 ते 9 डिसेंबर असे पाच दिवस शहर धुराखाली गेलं आणि हजारो माणसं दगावली. त्यात छातीचे आणि हृदयाचे रुग्ण मोठ्या संख्येने होते.

दुसरं कारण सर्दीचे विषाणू. थंड, कोरड्या हवेत यातले बरेच विषाणू जास्त वेळ टिकतात. त्यात माणसं दारं-खिडक्या लावून एका खोलीत झोपतात. दम्याचे जोरदार झटके बहुतेक वेळा साध्या सर्दीनेच सुरू होतात. नाक गळायला लागल्यावर दोन-तीन दिवसांत छाती भरते, ही दमेकरी मुलांच्या आईवडिलांची नेहमीची तक्रार असते.

थंडी आज, त्रास आठवड्याने

थंडीची लाट आली की त्याच रात्री दवाखाने भरतात असं नाही. ब्रिटनमधल्या अभ्यासांत दिसलं की थंडीच्या लाटेनंतर हृदयविकाराचे मृत्यू पहिल्या काही दिवसांत वाढतात, पण श्वसनाच्या आजारांचा जोर साधारण दीड-दोन आठवड्यांनी येतो. आधी सर्दी पसरते, मग ती छातीत उतरते, म्हणून हा उशीर.

याचाच फायदा घेऊन ब्रिटनच्या हवामान खात्याने आरोग्य सेवेसोबत एक सेवा चालवली होती. फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या रुग्णांना, त्रास वाढेल असं हवामान येणार असलं की आधीच फोन जायचा. घरात ऊब ठेवा, औषधं पुरेशी आहेत का बघा, असा तो निरोप असे.

आपल्याकडे असा फोन येत नसला तरी भारतीय हवामान विभागाचा अंदाज मोबाईलवर फुकट मिळतो. सपाट भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त खाली गेलं की विभाग थंडीची लाट जाहीर करतो. ती बातमी दिसली की दमेकऱ्याने त्याच दिवशी औषधाचा डबा उघडून बघावा. पुढचे दोन आठवडे सांभाळायचे आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दोन पंप, दोन वेगळी कामं

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते. दम्याची औषधं दोन प्रकारची असतात.

एक आराम देणारं. साल्ब्युटामॉल किंवा लिव्होसाल्ब्युटामॉल. बहुतेक वेळा याचा पंप निळा असतो. हे औषध आवळलेले स्नायू सैल करतं. काही मिनिटांत बरं वाटतं आणि चार ते सहा तास टिकतं. पण आतली सूज याने अजिबात कमी होत नाही.

दुसरं रोजचं, म्हणजे सूज कमी करणारं. यात बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन अशी अगदी कमी मात्रेतली स्टिरॉइड असतात. याने लगेच काही जाणवत नाही. पूर्ण फायदा दिसायला दिवस ते आठवडे लागतात. म्हणून माणसं म्हणतात, "याने काही फरक पडत नाही," आणि ते बंद करतात.

पावसाळा संपल्यावर बरं वाटतं, औषध सुटतं. मग थंडी येते तेव्हा छातीत सूज रोखणारं काहीच नसतं. त्यानंतर निळ्या पंपाचा मारा सुरू होतो. घराला आग लागली असताना धूर दिसू नये म्हणून नुसती खिडकी उघडावी, तसा हा प्रकार. बरं वाटतं, पण आग आत तशीच राहते.

दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'जिना' या जागतिक संस्थेने 2019 मध्ये स्पष्ट केलं की मोठ्या माणसांना आणि 12 वर्षांवरील मुलांना फक्त निळ्या पंपावर ठेवू नये, सूज कमी करणारं औषध सोबत हवंच. आता काही पंपांत बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल अशी दोन्ही औषधं एकत्र येतात. कुठला पंप कुणाला हे डॉक्टरच ठरवतात. सीओपीडीचा रोजचा पंप वेगळा असू शकतो, म्हणून शेजाऱ्याचा पंप उसना घेऊन चालत नाही. रंगावरही जाऊ नये. नाव इंग्रजीत असेल तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यावं आणि पंपावर पट्टी चिकटवून "रोजचा" आणि "त्रास झाल्यावर" असं मराठीत लिहावं.

किती लागला म्हणजे जास्त?

हिशोब सोपा आहे. निळा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा ताब्यात नाही. रात्री धाप लागून जाग येत असेल तरीही नाही. एका निळ्या पंपात साधारण 200 पफ असतात. वर्षात असे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला असतो. वर्षात 12, म्हणजे महिन्याला एक पंप जात असेल तर जिवाचा धोका वाढतो, असं 'जिना'च्या सूचना सांगतात.

यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग करता येतो. ज्या दिवशी निळा पंप लागला त्या तारखेवर टिंब द्यायचं. ऑक्टोबरमध्ये चार टिंबं आणि डिसेंबरमध्ये वीस दिसली तर ते पान घेऊनच डॉक्टरकडे जावं. "थोडा त्रास होतो" असं सांगण्यापेक्षा त्या पानावरून डॉक्टरांना लवकर समजतं.

"पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी"

हे वाक्य गावोगावी ऐकायला मिळतं. आकडे उलटं सांगतात. साल्ब्युटामॉलच्या पंपातला एक पफ 100 मायक्रोग्रॅमचा. त्याच औषधाची गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. एक गोळी म्हणजे 40 पफइतकं औषध, आणि तेही पोटातून सगळ्या अंगभर फिरतं. म्हणून गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थोडं असतं आणि थेट नळीत जातं.

थिओफिलिनच्या गोळ्यांबाबत जास्त जपावं लागतं. त्यांची उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर कमी आहे. ताप असताना किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन अशी अँटिबायोटिक सोबत घेतली तर थिओफिलिन अंगात साठत जातं. मग मळमळ, उलट्या, धडधड, झोप न येणं असे त्रास होतात. हिवाळ्यात सर्दी-तापाच्या गोळ्या आणि धापेची गोळी एकत्र घेतल्या जातात, म्हणून डॉक्टरांना आधीची सगळी औषधं दाखवावीत. थंडीत गुडघे दुखतात म्हणून घेतलेली वेदनाशामक गोळीही काही जणांचा दमा उसळवते. गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत धाप लागली असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगावं.

उन्हाळ्यातही सुटका नाही

एप्रिल-मेमध्ये खानदेश, विदर्भ, मराठवाड्यात पारा 42-45 अंशांपर्यंत जातो. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की कफ घट्ट होतो आणि सुटत नाही. अंग गार ठेवायला श्वास जलद होतो, तो सीओपीडीच्या पेशंटला झेपत नाही. मळणीची, वावटळीची धूळ असतेच. कूलरचा गवताचा पडदा गेल्या वर्षीचाच असेल तर त्यातली बुरशीही हवेत येते. म्हणून 11 ते 4 सावलीत, पाणी थोडं थोडं वरचेवर आणि कूलरचा पडदा नवा, हे तीन नियम पाळावेत. पायावर सूज असल्याने लघवीची गोळी चालू असलेल्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

पंपालाही ऊन-थंडी बाधते

पंपाच्या धातूच्या डबीत औषध दाबाखालच्या वायूसोबत असतं. ती 30 अंशांखाली ठेवायची असते. 50 अंशांच्या पुढे डबी फुटण्याची भीती असते. भर उन्हात उभ्या गाडीत तापमान सहज 50 च्या वर जातं. मोटारसायकलची डिक्की, ट्रॅक्टरचा टूलबॉक्स, पत्र्याच्या घरात छताजवळची फळी या पंप ठेवायच्या जागा नव्हेत. घरात जमिनीलगतचा सावलीतला कोनाडा चांगला.

कडाक्याच्या थंडीत उलटं होतं. डबी फार गार झाली की आतला दाब कमी होतो आणि फवारा नीट उडत नाही. अशा वेळी डबी प्लास्टिकमधून काढून काही मिनिटं हाताच्या मुठीत धरून गरम करावी. शेकोटीजवळ, चुलीवर किंवा गरम पाण्यात ती कधीही ठेवू नये. रात्री पाणी द्यायला जाताना पंप पिशवीत नको, अंगातल्या खिशात हवा.

पावडरच्या कॅप्सूलचा शत्रू वेगळा, ओलावा. त्या माठाजवळ, मोरीत किंवा फ्रिजमध्ये ठेवल्या तर पावडरची गुठळी होते आणि ती छातीपर्यंत जात नाही. पावसाळ्यात कॅप्सूल वापरायच्या वेळीच पाकिटातून काढावी. मशीनमध्ये फुंकर मारू नये, आणि ही कॅप्सूल गिळायची नसते, मशीनमध्ये घालून ओढायची असते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पंपात औषध किती उरलं हे डबी पाण्यात बुडवून कळत नाही. आकडा दाखवणारा पंप असेल तर आकडा बघावा, नसेल तर पफ मोजावेत. शक्य असेल तेव्हा पंप स्पेसरमधून घ्यावा, औषध घशात कमी आणि छातीत जास्त जातं. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर गुळणी करून पाणी थुंकावं.

लहान मुलांच्या खोकल्याचं सिरप

हिवाळ्यात पोराला खोकला झाला की मेडिकलमधून बाटली आणण्याची घाई होते. मध्य प्रदेशात, नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या छिंदवाड्यात 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विषारी घटक असलेलं खोकल्याचं सिरप पिऊन अनेक लहान मुलं किडनी निकामी होऊन दगावली. त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत. मुलांचा बहुतेक खोकला पाणी, ऊब आणि विश्रांतीने बरा होतो. पण खोकला रात्री वाढत असेल, छातीतून शिट्टी येत असेल आणि दर थंडीत तेच होत असेल, तर तो दमा असू शकतो. त्यावर बाटल्या बदलून उपयोग नाही, तपासणीच हवी.

थंडीची लाट येण्याआधी एवढं करा

- रोजचं औषध बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. कमी करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून करा.
- दोन्ही पंपांत किती पफ उरले ते बघा. निदान महिनाभराचं औषध घरात असू द्या.
- ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी गाव सोडण्याआधी औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.
- पंप ओढण्याची पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात एकदा दाखवून घ्या. अनेकांचं औषध चुकीच्या पद्धतीमुळे वाया जातं.
- पंप परवडत नाही म्हणून सोडू नका. सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी केंद्रात मिळतो का ते आशाताईंना विचारा.
- दमेकरी झोपतो त्या खोलीत शेगडी, शेकोटी, उदबत्ती, डासांची कॉइल नको.
- फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. दमा आणि सीओपीडीच्या रुग्णांना ती दरवर्षी घ्यायला सांगितली जाते.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नाही. ओठ किंवा नखं निळसर दिसतात. श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आणि गळ्याखालचा खड्डा आत ओढला जातो. पेशंट गुंगीत जातो. निळा पंप घेऊनही आराम नाही, किंवा तासाभरात त्रास परत येतो. यातलं एकही दिसलं तर 108 ला फोन करा. पेशंटला आडवं करू नका, बसतं ठेवा. गाडी येईपर्यंत निळा पंप स्पेसरमधून एकेक पफ करत, मधे श्वास घेऊ देत, 4 ते 10 पफपर्यंत देता येतो.

अशा वेळी सकाळ होण्याची वाट बघणं सगळ्यात महागात पडतं. दम्याचा त्रास रात्री उशिरा आणि पहाटे जास्त वाढतो, आणि थंडीही तेव्हाच सगळ्यात जास्त असते. त्यामुळे दवाखान्यात न्यायचं की नाही हे ठरवताना घड्याळ बघू नका, पेशंटचा श्वास बघा.